गुडघा बदलला, पण वाकणार कधी?

कृत्रिम गुडघ्याची किंमत केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये बांधून दिली. तोवर दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा 54,720 रुपयांवर आला. त्या निर्णयाची तेव्हा खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण बसवलेला सांधा वाकायला कोण शिकवणार, किती आठवडे शिकवणार आणि त्याचे पैसे कोण देणार, याची चर्चा शस्त्रक्रिया ठरवताना घरातसुद्धा होत नाही. तीन-चार दिवसांनी रुग्ण घरी येतो, हॉलमध्ये खाट लागते, गुडघ्याखाली मऊ उशी जाते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता निवांत आराम करा’ असे सांगून जातो. रुग्णाने लवकर घरी यावे हे योग्यच आहे, किंबहुना पुनर्वसनाला घरासारखी जागा नाही. पण आपण घर म्हणजे विश्रांती असे समीकरण मांडून ठेवले आहे, आणि नव्या गुडघ्याचे नुकसान तिथेच होते.

हे नुकसान कसे होते ते पाहू. शस्त्रक्रियेनंतर सांध्यात द्रव साठतो, सूज येते. सुजलेल्या सांध्याकडून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आवरून धरते. निरोगी माणसाच्या गुडघ्यात वीस-तीस मिलिलिटर द्रव सोडला तरी या स्नायूचा आतला भाग मंदावतो, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे चार-सहा चमचे द्रव पुरतो. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने मोजले तर या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्याहूनही खाली गेलेली आढळते. त्यात अंथरुणाची भर पडते. अमेरिकेतील एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना केवळ दहा दिवस झोपवून ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ किलोभर मांस झडले. हे लोक आजारी नव्हते, त्यांच्यावर शस्त्रक्रियाही झालेली नव्हती. आणि ती प्रेमाने ठेवलेली उशी? तिच्यावर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो, मागचे स्नायू आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होत नाही. सरळ न होणारा पाय लंगडतो. उशी हवीच असेल तर ती टाचेखाली ठेवावी.

मग रुग्णालयातच आणखी काही दिवस राहिलेले बरे नाही का? सिडनीत हाच प्रश्न पद्धतशीर तपासला गेला आणि निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर मोठी गुंतागुंत झाली नव्हती अशा 165 गुडघेबदल रुग्णांपैकी काहींना दहा दिवस पुनर्वसन केंद्रात ठेवून मग घरचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना थेट घरचा. सहा महिन्यांनी दोन्ही गट सहा मिनिटांत सरासरी चारशे मीटरच्या आसपास चालले आणि त्यांच्यात फरक पडला तो जेमतेम एका मीटरचा. यंत्रांचेही तसेच. पाय आपोआप वाकवणारे सीपीएम यंत्र शहरांत सर्रास भाड्याने मिळते, पण अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की त्याने गुडघा सरासरी दोनेक अंश जास्त वाकतो. दोन अंशांसाठी भाडे भरणे मला तरी पटत नाही. यंत्र पाय हलवते तेव्हा स्नायू झोपलेलाच असतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. घरच्यांनाच शिकवले तर फिजिओथेरपिस्ट कशाला हवा? भारतातच याची मोठी चाचणी झाली आहे, पक्षाघाताच्या रुग्णांवर. चौदा रुग्णालयांतील 1,250 रुग्णांपैकी एका गटाच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते, सुमारे 47 टक्के. पक्षाघात आणि गुडघा यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. तरी माझ्या मते धडा घेण्यासारखा आहे. माया आणि थोडे प्रशिक्षण म्हणजे उपचार नव्हे. सिडनीतल्या घरच्या कार्यक्रमामागे प्रशिक्षित माणूस होता, ‘घरी’ याचा अर्थ तिथे ‘आपले आपण’ असा नव्हता. शेजारचा मालिशवाला ही जागा भरू शकत नाही. उलट पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यायची असते आणि तेव्हा तेल चोळणे घातकच ठरू शकते.

दुसरा आक्षेप दुखण्याचा आणि टाक्यांचा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर नव्या गुडघ्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून भार देता येतो, आणि सांगितलेल्या मर्यादेतल्या व्यायामाने टाके उसवत नाहीत. व्यायामाआधी वेदनाशामक घ्यावे, नंतर बर्फाने शेकावे. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर मात्रा कमी करावी. ही मात्रा ठरवण्यासाठीच जाणकार लागतो. ‘घरात फिरते की ती, तोच व्यायाम’ हा युक्तिवादही लंगडा आहे. सपाट फरशीवर चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागते. जिना चढायला ऐंशीच्या पुढे लागतात, खुर्चीवरून उठायला नव्वदहून थोडे जास्त. स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा फेऱ्यांनी तो गुडघा तिथवर पोचणार नाही. आणि पहिले तीन महिने गेले की आखडलेला सांधा मोकळा करणे फार अवघड होत जाते. मांडी घालून बसण्याची गोष्ट वेगळी, ती बहुतेक शल्यविशारद टाळायलाच सांगतात. देवपूजेला उंच पाट नव्हे, खुर्चीच घ्यावी.

राहिला खर्च. रोज घरी येणारा फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना परवडत नाही, आणि त्याची रोज गरजही नसते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल, आणि रोजचे व्यायाम रुग्णाने स्वतः करायचे, असे बसवता येते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी राज्य परिषद आहे. येणाऱ्या व्यक्तीची नोंदणी विचारण्यात संकोच नको. विमा असेल तर डिस्चार्जनंतरच्या किती दिवसांचा खर्च मिळतो आणि फिजिओथेरपी त्यात धरली आहे का, हे शस्त्रक्रियेच्या आधीच वाचून घ्यावे. आणि डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली दोन ओळी डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या. आज गुडघा किती अंश वाकतो, आणि तो पुन्हा कोण, कोणत्या तारखेला मोजणार आहे.