आधी मॉनिटर, मग प्रोसेसर

नांदेड, हिंगोली आणि हदगाववरून नागपूरकडे जाणारे रस्ते आमच्या वारंगा फाट्यावर मिळतात. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान इथंच आहे. बारावी झालेली, इंजिनिअरिंगला लागलेली पोरं गेमिंगचा पीसी असेंबल करायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, आय फाइव्ह घेऊ का आय सेव्हन?" मी विचारतो, "मॉनिटर कोणता आहे? आणि खेळणार काय?"

गेम चालू असताना प्रोसेसर हिशोब करतो. शत्रू कुठं आहे, गोळी कुणाला लागली, गाडी वळली तर कुठं धडकेल. त्या हिशोबावरून चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. समजा, प्रोसेसर सेकंदाला १५० चित्रांची तयारी करतोय आणि कार्डाला ७०च काढता येतात, तर ७०च मिळणार. त्यात मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असला, तर डोळ्यांना दिसणार ६०. वरच्या प्रोसेसरला मोजलेले जास्तीचे पैसे तिथं वाया गेले. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांचं गणित वेगळं. त्यांत चित्र हलकं असतं, जोर प्रोसेसरवर येतो. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा किंवा त्याहून वरचा असेल, तर चांगल्या प्रोसेसरचा पैसा तिथं वसूल होतो.

फुल एचडी मॉनिटरवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो, हे माझं ठाम मत आहे. एएमडीचा रायझन ५ ५६०० घ्या, नाहीतर इंटेलचा आय ५ १२४००एफ, आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. घेताना नावातलं शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या 'एफ'मध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच येत नाही. ५६००चंही तेच. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, म्हणून "कार्ड पुढच्या वर्षी घेतो" म्हणणाऱ्याला तो बरा. पण त्याचा कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, ५६००च्या निम्मा, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी असतो. पुढं तेच कार्ड दोन्हींना लावलं, तर ५६००जी मागं पडतो.

आता जुळवणी. प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या जागेत बसतो ते सॉकेट. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालते. २०२२ साली आलेल्या एएम५वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं सॉकेट एकच, एलजीए १७००. पण त्याचे काही बोर्ड डीडीआर४चे, काही डीडीआर५चे. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या असतात, जोर लावून बसत नाहीत. १६ जीबी हवी असेल, तर ८-८च्या दोन काड्या घ्या. प्रोसेसरला दोन वाटांनी डेटा मिळतो, आणि ५६००जीला तर याचा फायदा फारच होतो.

सॉकेट जुळलं तरी काम संपत नाही. जुन्या बी४५० बोर्डवर ५६०० व्यवस्थित बसतो, पण बायोस, म्हणजे बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुना असेल तर मशीन चालू होत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. ते नसेल, तर बायोस भरण्यासाठी आधी एखादा जुना प्रोसेसर शोधावा लागतो. पुण्या-मुंबईत तो शेजारच्या दुकानात मिळेल. आमच्याकडे त्यासाठी नांदेड गाठावं लागतं. म्हणून सेकंडहँड बोर्ड घेताना बायोस कोणता आहे, हे विकणाऱ्याकडून चालू मशीनवर बघून घ्या.

फाट्यावरच्या मशीनला आणखी दोन गोष्टी सोसाव्या लागतात, ऊन आणि धूळ. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी पंखासुद्धा गरम हवा फेकतो. ५६००ची तापमानाची मर्यादा ९० अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. हळद पॉलिश करायच्या हंगामात कॅबिनेट उघडली, तर पंख्यांवर पिवळा थर सापडतो. म्हणून काचेच्या झगमगीत कॅबिनेटपेक्षा पुढून जाळीची घ्या आणि ती ब्रशने साफ करत राहा.

लाईटचं तर विचारूच नका. ५६०० आणि ११५ वॉटचं आरटीएक्स ४०६० कार्ड एवढ्या मशीनला चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, भरपूर झाला. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास देतो. लाईट गेली की त्यावर गेम खेळत बसू नका, काम सेव्ह करून मशीन बंद करा.

पैसे कमी पडत असतील, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, आरजीबीचे दिवे सोडून द्या. पण कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस लावू नका. तो जळताना कधीकधी बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो.