क्वेकरांचे मौन आणि जॉन वुलमनची लेखणी

‘क्वेकर’ हे नाव मुळात उपहासाने दिलेले आहे. क्वेकर म्हणजे कापणारा. ईश्वरी वचनापुढे थरथर कापावे, असे जॉर्ज फॉक्सने १६५० साली डर्बी येथील न्यायाधीशास बजावले. त्यावरून न्यायाधीशाने हे टोपणनाव ठेवले, असे फॉक्सने स्वतःच सांगितले आहे. या लोकांनी स्वतःस केवळ ‘मित्र’ म्हणवून घेतले. जगातील इतर धर्मसंप्रदायांच्या मानाने त्यांची संख्या नेहमीच अल्प राहिली. असे असता गुलामगिरीचा उच्छेद, तुरुंगांची सुधारणा आणि युद्धविरोध या तिन्ही चळवळींच्या इतिहासात त्यांचे नाव पुनःपुन्हा येते. याचे मूळ त्यांच्या दोन साध्या आचारांत शोधावे लागते : एक मौनाचा आणि दुसरा भाषेचा.

प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, ही फॉक्सची मूळ श्रद्धा होय. ती मान्य केली की धर्मगुरूचे माध्यम अनावश्यक ठरते. म्हणून परंपरेने चालत आलेल्या क्वेकर उपासनेत प्रवचन नाही, वेदी नाही. सर्वजण निःशब्द बसतात आणि ज्याला आतून बोलण्याची प्रेरणा होईल तो, मग ती स्त्री असो वा पुरुष, उठून बोलतो. कारभाराची सभाही याच रीतीने चालते. तेथे मतदान होत नाही. सभेचा कल काय आहे हे चिटणीस ओळखतो, तो शब्दांत मांडतो व सर्वांस ते पटले तरच त्याचा ठराव होतो.

भाषेच्या बाबतीत त्यांचा आग्रह मराठी वाचकास चटकन उमगेल. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखा भेद होता. थोरांस बहुवचनी सर्वनाम आणि कनिष्ठांस एकवचनी, असा शिष्टाचार रूढ होता. क्वेकरांनी सर्वांस सरसकट एकवचनाने संबोधण्यास आरंभ केला. न्यायाधीशापुढे टोपी काढण्याचेही त्यांनी नाकारले. न्यायालयात शपथ घेणे त्यांना अमान्य होते. कारण शपथेवर खरे बोलावयाचे, तर एरवी खोटे बोलण्यास मुभा आहे, असा त्याचा अर्थ होतो. या वर्तनापायी शेकडो क्वेकर तुरुंगात गेले. १६६१ च्या जानेवारीत त्यांनी दुसऱ्या चार्ल्स राजास एक निवेदन सादर करून, कोणत्याही हेतूसाठी शस्त्र न धरण्याचा आपला निश्चय जाहीर केला. प्रत्येकात ईश्वरी अंश असेल तर कोणाची मान झुकविणे जसे अयोग्य, तसेच कोणाची मान कापणेही अयोग्य, हा त्यामागील न्याय होता.

परंतु तत्त्व मान्य होणे निराळे आणि त्याचा सर्व अर्थ उमगणे निराळे. अमेरिकेत वसलेल्या अनेक सधन क्वेकरांनी गुलाम बाळगले होते. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन हाही त्यांपैकीच. १६८८ साली जर्मनटाउन येथील चौघा वसाहतकारांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला. तो एका सभेकडून वरच्या सभेकडे जात राहिला आणि अखेर बाजूस पडला.

या पार्श्वभूमीवर जॉन वुलमनचे चरित्र मननीय ठरते. १७२० साली न्यू जर्सीत शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी एका दुकानात कारकुनी करीत असे. एके दिवशी मालकाने त्याला एका निग्रो स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. गिऱ्हाईक ताटकळत उभे होते. खरेदीदार एक वृद्ध क्वेकर होता. वुलमनने खत लिहून दिले. पण हा व्यवहार ख्रिस्तधर्माशी विसंगत आहे, असे त्याने तेथेच दोघांसमक्ष सांगितले. त्यानंतर तशी विनंती दुसऱ्याने केली तेव्हा त्याने स्पष्ट नकार दिला. पुढे लोकांची मृत्युपत्रे लिहिताना गुलाम वारसाहक्काने देण्याचे कलम लिहिण्यास तो नकार देई. आणि त्याच्याशी झालेल्या शांत बोलण्यानंतर काहींनी आपले गुलाम मुक्तही केले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मनुष्याचा क्रय-विक्रय केवळ चाबकाने चालत नाही. त्याला खत लागते, आणि खताला अक्षर जाणणाऱ्याचा हात लागतो. अन्यायातील आपला वाटा वुलमनला आपल्या लेखणीच्या टोकाशी दिसला. मग तो वाटा त्याने आयुष्यभर शोधून काढला. गुलाममालकाच्या घरी उतरल्यास तेथील गुलामांच्या सेवेचे मोल तो देऊ लागे. रंगविलेले कापड त्याने वर्ज्य केले. धंदा फार वाढतो असे पाहून दुकान आवरते घेतले व शिवणकामावर निर्वाह केला. इंग्लंडात घोड्यांचे व पोरसवदा स्वारांचे हाल होतात म्हणून तो टपालगाडीत न बसता पायी हिंडला, आणि १७७२ साली यॉर्क येथे देवीच्या रोगाने मरण पावला.

त्याच्या या आर्जवाचे फळ कूर्मगतीने आले. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांचे मन वळविण्यासाठी माणसे नेमली. त्यांत वुलमन होता. १७७६ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, गुलाम न सोडणाऱ्यांस पंथातून वगळण्याचा निर्णय झाला. जर्मनटाउनच्या निषेधापासून हा काळ अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होतो. सर्वांची संमती मिळेतो थांबण्याच्या पद्धतीचा हा दोष झाकण्यात अर्थ नाही. तोवर दास्यात मेलेल्यांना कोणी संमती विचारली नव्हती. मात्र एकदा घर स्वच्छ झाल्यावर त्यांच्या शब्दाला बाहेर वजन आले. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार १८०७ साली बंद केला.

विसाव्या शतकात हीच परंपरा युद्धपीडितांच्या सेवेत प्रकटली व १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक इंग्रज व अमेरिकन क्वेकरांच्या सेवासंस्थांना मिळाले. भारताशीही तिचा धागा जुळतो. मार्च १९३० मध्ये गांधीजींचे आयर्विनला लिहिलेले पत्र व्हाइसरॉयकडे नेणारा रेजिनाल्ड रेनल्ड्स हा क्वेकर तरुणच होता. १९२८ साली मद्रासेस शिक्षिका म्हणून आलेल्या मार्जरी साइक्स यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमच्या शिक्षकांना घडविले. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील क्वेकरांच्या ग्रामकेंद्राने किशोर भारती या संस्थेसह १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. तो पुढे जिल्हाभर पसरला आणि २००२ साली शासनाने बंद करीपर्यंत चालला.

शांतता म्हणजे युद्धाचा अभाव, अशी व्याख्या आपण विद्यार्थ्यांस सहज सांगून जातो. वुलमनच्या चरित्रावरून ती अपुरी ठरते. युद्धाची व दास्याची बीजे आपल्या वापरातील वस्तूंत, आपल्या नफ्यात आणि आपण मुकाट्याने लिहून दिलेल्या कागदांत असतात, असे तो मानी. साक्षरता वाढली की अन्याय आपोआप घटतो, या समजाला विक्रीखताची ती कथा छेद देते. लिहावयास शिकविणे हे आपले काम आहेच. कोणता कागद लिहू नये हे ओळखण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या ठायी यावी, हेही त्याच कामाचे उत्तरार्ध होय.