अडकलेलं बटण: आधी निदान, मग दुरुस्ती

मंडळी, लॅपटॉपचं बटण अडकलं की आपला हात पहिल्यांदा जातो टाचणीकडे. पाच मिनिटांत बटणाची टोपी उखडते, खालचा हुक मोडतो आणि जे पुसून सुटलं असतं त्यासाठी अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो. म्हणून आज आपण आधी निदान करू.

‘अडकलं’ म्हणजे नेमकं काय? बटण दबून वर येत नसेल तर दोष यांत्रिक. ते वर येतं पण अक्षर उमटत नाही, किंवा हात न लावता अक्षरं उमटत राहतात, तर दोष विजेचा किंवा नुसत्या सेटिंगचा असू शकतो. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट 8 सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज चालू करायचं का, असं विचारलं जातं. नकळत ‘हो’ म्हटलं, तर झटपट दाबलेलं बटण मोजलंच जात नाही! ते आधी बघा. मग बायोस उघडा. तिथंही कर्सर आपोआप पळत असेल तर विंडोज निर्दोष.

बटणांखाली प्लास्टिकच्या पातळ थरांवर आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते. एकच बटण गेलं तर दोष बहुधा त्याच्यापाशीच. एकदम पाच-सहा गेली तर रेष तुटलेली किंवा केबल सैल. तिथं टोप्या उपटून उपयोग नाही.

आता सफाई. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. आधी तिरका धरून हवा मारा. मग 90 टक्के किंवा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित भिजवून कडा पुसा, बटण वीस-तीस वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या. चहा सांडला की पाणी उडून जातं, साखर मागे राहते. चिकटवते ती साखरच.

टोपी काढणं शेवटचा उपाय. खाली कात्रीसारख्या गुंतलेल्या दोन नाजूक चौकटी असतात. कुठल्या बाजूनं उचलायचं हे मॉडेलनुसार बदलतं, ते पाहिल्याशिवाय जोर लावू नका. स्पेस, एंटरसारख्या लांब बटणांखाली बहुधा तारही असते.

प्रत्येक वेळी चूक आपलीच असते असंही नाही, बरं का. ॲपलनं 2015 मध्ये आणलेल्या ‘बटरफ्लाय’ रचनेत बारीक कचऱ्यानंही बटणं रुसायची. 2018 मध्ये कंपनीनं मोफत दुरुस्ती जाहीर केली आणि 2019 पासून कात्रीची रचना परत आणली.

आणि एक लक्षात ठेवा: बॅकस्पेस किंवा डिलीट आपोआप चालत असेल तर आधी काम सेव्ह करा, लॅपटॉप बंद करा. बटण नवं मिळतं, पुसलेलं लिखाण मिळेलच असं नाही.