येळंदूरहून दिसणारा मेंदूच्या औषधांचा बाजार

मेंदूविकारांवरच्या औषधांची बाजारपेठ येत्या दहा वर्षांत किती वाढेल, याचे अंदाज गुंतवणूकदारांसाठी सतत तयार होत असतात. त्यांत पहिला मान मिळतो तो अल्झायमरवरच्या नव्या प्रतिपिंडांना. लेकॅनेमॅब हे त्यातले ठळक नाव. अमेरिकेत जुलै २०२३मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली आणि तिथे वर्षभराच्या औषधाची किंमत आहे २६,५०० डॉलर. १,७९५ रोग्यांवरच्या चाचणीत या औषधाने आजार थांबवला नाही, पण त्याची गती कमी केली. दीड वर्षानंतर १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ०.४५ गुणांचा फरक दिसला. अनेक दशकांच्या अपयशानंतर मिळालेले हे यश संशोधनाच्या दृष्टीने मोलाचे आहे. तरीही भारतातल्या बाजाराचे भवितव्य अशा औषधांवरून ठरवणे मला चुकीचे वाटते. इथे ज्यांच्यापर्यंत काहीच पोहोचलेले नाही, अशा रोग्यांची गरज फार जुन्या आणि फार स्वस्त गोळ्यांनी भागू शकते, आणि याचा पुरावा बंगळुरूच्या डॉक्टरांनी गोळा करून ठेवला आहे.

निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या एक लाखाहून अधिक लोकांची घरोघर जाऊन पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २००४मध्ये प्रसिद्ध झाले. हजार लोकांमागे अपस्माराचे रोगी शहरात ५.७, तर खेड्यात ११.९ आढळले. म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, एमआरआय आणि औषधांची मोठी दुकाने जिथे आहेत, तिथून दूर हा आजार दुप्पट होता. त्याआधी बंगळुरूचे डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात असेच घरोघर जाऊन रोगी शोधले आणि त्यांना फिनोबार्बिटोन किंवा फेनिटॉइन सुरू केले. पहिले औषध १९१२पासून फिट थांबवण्यासाठी वापरात आहे, दुसरे १९३८पासून. या दोन गोळ्यांनी ग्रामीण भागात फिट आटोक्यात आणता येतात, हे त्यांनी २००१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रोग्यांना फिटविना जगता येईल, आणि त्यासाठी लागणारे औषध वर्षाला पाच डॉलरइतक्या कमी खर्चातही मिळू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढी प्रभावी आणि एवढी स्वस्त वस्तू लाखोंना मिळत नसेल, तर तिची मागणी रुपयांत मोजलेल्या अंदाजात दिसणार तरी कशी?

यावर कुणी म्हणेल की गोळी स्वस्तच आहे, मग अडचण औषधाची नाहीच. अडते ते अंतर, डॉक्टरांचा तुटवडा, आणि फिट आलेल्या माणसाला दर्ग्यात किंवा देवर्षीकडे नेण्याची सवय यांपाशी. हे बरेचसे खरे आहे. पण अगदी स्वस्त गोळीला तिचे स्वतःचेही दुखणे असते. तिच्यात नफा नसतो, त्यामुळे तिची माहिती देत फिरणारा कंपनीचा प्रतिनिधी नसतो. शिवाय फिनोबार्बिटोनवर अमली पदार्थांच्या कायद्याचे निर्बंध आहेत. वर्षानुवर्षे रोज घ्यायची गोळी महिनाभर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली नाही, तर फिट परत येते आणि कुटुंबाचा औषधावरचा विश्वास उडतो. म्हणून रोगी शोधणे, गोळी सुरू करणे आणि पुरवठा अखंड ठेवणे हा बाजाराचाच भाग मानला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनी औषधे निर्दोष नाहीत. फिनोबार्बिटोनने सुस्ती येते, आणि गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतल्यास बाळाला जन्मजात व्यंग होण्याचा धोका असतो. तरुण मुलीला लेव्हेटिरासेटामसारखे नवे औषध मिळालेच पाहिजे. मग नफ्याचे आमिष नसेल तर अशी औषधे शोधणार कोण? या प्रश्नात तथ्य आहे आणि पेटंटची मुदत असते ती त्यासाठीच. पण मुदतीनंतर काय होते तेही पाहावे. अपस्मारावरच्याच ब्रिव्हारासेटाम या नव्या औषधाचे भारतातले पेटंट फेब्रुवारी २०२१मध्ये संपले आणि लगोलग अनेक देशी कंपन्यांनी ते बाजारात आणले. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी झिजवणाऱ्या एसएमए या आनुवंशिक आजारावरचे रिस्डिप्लाम तर पेटंटच्या वादातूनच स्वस्त झाले. रोश कंपनीच्या बाटलीची छापील किंमत सहा लाख रुपयांच्या आसपास होती. रोशने मागितलेली मनाई न्यायालयाने नाकारल्यावर ऑक्टोबर २०२५मध्ये हैदराबादच्या नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपयांना आणले. पूर्वीच्या किमतीत हे औषध जवळपास कुणालाच विकत घेता येत नव्हते, आता काही कुटुंबे तरी तसा विचार करू शकतात.

राहिला प्रश्न स्मृतिभ्रंशाचा. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो असल्याचा अंदाज आहे, आणि हा आकडा वाढणारच. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातले मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांतल्या माणसांचे वय वाढताना मेंदूत काय बदल होतात, हे वर्षानुवर्षे तपासत आहे. पण लेकॅनेमॅबची किंमत उद्या दहा पटींनी उतरली, तरी आधी मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचले आहे हे सिद्ध करावे लागेल, सुरुवातीला दर पंधरवड्याला शिरेतून औषध द्यावे लागेल, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव तर नाही ना हे पाहायला वारंवार एमआरआय करावा लागेल. तालुक्याच्या रुग्णालयात ही सारी सोय नसते. श्रीनिवासपूरच्या वृद्धांना आज मिळू शकते ते रक्तदाब आणि मधुमेहावरचे नियमित औषध, ज्याने पक्षाघाताचा आणि त्यातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो. मेंदूविकारांच्या औषधांचे अंदाज बांधणारे ही विक्री हृदयविकार आणि मधुमेहाच्या खात्यांत टाकतात.