हौशी माणसाचा सर्किट बोर्ड आणि मायक्रोस्कोप

  व्हिडिओत मी बऱ्याच गोष्टी टेबलावर ठेवून दाखवल्या होत्या. इथे त्या शब्दांत सांगतो.

आजचा विषय मायक्रोस्कोप. सुरुवात मात्र एका चुकीपासून करतो, कारण ती चूक माझी आहे.

माझी आई ८८ वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री एकटीनं उठायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून मी तिच्या उशाशी एक बटण बसवलं. बटणाची दोरीसारखी वायर एका छोट्या डबीत जाते, डबीतून रेडिओ सिग्नल निघतो आणि माझ्या खोलीत घंटा वाजते. बोर्ड माझा, सोल्डरिंग माझं. आयुष्य सिग्नल्समध्ये गेलं, त्यामुळे थोडा अभिमानही होता. तीन महिने सगळं उत्तम चाललं.

मग एका सकाळी आई म्हणाली, "रात्री दोनदा दाबलं रे, तू आला नाहीस." मी बटण दाबून पाहिलं, घंटा वाजली. बॅटरी बदलली. आठवड्याने पुन्हा तेच. बटण बदललं. पुन्हा तेच. शेवटी मी तिला म्हणालो, "आई, तू नीट दाबत नाहीस." ती काही बोलली नाही. चार दिवसांनी पहाटे ती पलंगाला टेकून जमिनीवर बसलेली सापडली. बटण दाबून दाबून थकली आणि स्वतःच उठायला गेली. दैवाने कुठे मोडलं नाही.

त्या दिवशी बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतला. वायरच्या कनेक्टरला दोन पिना. त्यातल्या एकीभोवती केसाहून बारीक काळी रेघ होती, बांगडीसारखी पूर्ण गोल. पीन सोल्डरमधून सुटलेली. वायर एका बाजूला ओढली गेली की संपर्क तुटायचा, सोडली की परत जुळायचा. मी सकाळी सरळ उभा राहून बटण दाबायचो तेव्हा वायर सैल असायची. आई पडल्यापडल्या दाबायची तेव्हा ती ताणलेली असायची. नुसत्या डोळ्यांना तो जोड चकचकीत, गोल, छान दिसत होता.

फौजेत शिकलो होतो की संदेश पोहोचला नाही तर आधी साधन तपासायचं, माणसावर नंतर यायचं. घरात मी उलटं केलं.

डोळा कुठे कमी पडतो

चांगल्या डोळ्याला २५ सेंटिमीटर अंतरावरून साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा कळतो. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं आणि साठीत चष्मा लावूनही तेवढं जमेलच असं नाही. भेग ०.०२ मिलिमीटरची असेल तर ती आपल्यासाठी नसल्यासारखीच. २० पट मोठी केली की ०.४ मिलिमीटरची होते, आणि मग आजोबांनाही दिसते.

दुसरीकडे सुटे भाग लहान होत चालले आहेत. आपण शिकलो तेव्हा आयसीच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असायचं. आज ०.५ मिलिमीटर सर्रास असतं. ०४०२ या मापाचा रेझिस्टर म्हणजे ०.०४ इंच लांब, ०.०२ इंच रुंद, म्हणजे १ बाय अर्धा मिलिमीटर. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. हौशी माणसाने ०८०५ वापरावा, तो २ बाय १.२५ मिलिमीटर असतो. पण तयार मॉड्यूल विकत घेतलं की त्यावर काय बसवलंय ते आपल्या हातात नसतं.

कोणता मायक्रोस्कोप

एका प्रेक्षकाने विचारलं, "मुलाचा शाळेतला मायक्रोस्कोप चालेल का?" नाही. तो पारदर्शक काचपट्टीतून खालून येणाऱ्या उजेडासाठी आहे, आणि बोर्ड काही पारदर्शक नसतो. त्यात प्रतिमा उलटी दिसते. शिवाय ४० पटीचं भिंग वस्तूला जवळजवळ चिकटतं, त्याखाली सोल्डरिंग आयर्न तर सोडाच, उभा कपॅसिटरही मावत नाही.

आपल्याला हवा तो स्टिरिओ मायक्रोस्कोप. दोन डोळ्यांना दोन स्वतंत्र मार्ग, थोड्या वेगळ्या कोनातून. त्यामुळे खोली कळते, प्रतिमा सुलटी दिसते, आणि भिंगाखाली हात फिरवायला जागा राहते. ग्रीनो नावाच्या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने ही मांडणी सुचवली आणि १८९०च्या दशकात जर्मनीतल्या झाइसने ती बनवली. त्यांना पाहायचे होते जीवजंतूंचे गर्भ. आपण पाहतो रेझिस्टर. तत्त्व तेच.

बाजारात ७ ते ४५ पट असा झूम सामान्य आहे. त्यातली आयपीस १० पटीची आणि खालचं भिंग ०.७ ते ४.५ पटीचं असतं, त्यांचा गुणाकार म्हणजे एकूण वाढ. आयपीसवर २० असा आकडा छापलेला असेल तर त्याला खालच्या भिंगाच्या पटीने भागा. कमीत कमी झूमवर २० भागिले ०.७, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटरचं वर्तुळ दिसेल. जास्तीत जास्त झूमवर जेमतेम साडेचार मिलिमीटर. म्हणून फार मोठं करून पाहण्याचा मोह नको. माझं नव्वद टक्के काम ७ ते २० पटीत होतं.

खाली ०.५ पटीचं जोडभिंग लावता येतं. वाढ निम्मी होते, दिसणारा भाग दुप्पट होतो आणि बोर्डापासूनचं अंतर बरंच वाढतं. सोल्डरिंग करायचं असेल तर ते घ्याच. फ्लक्सचा धूर थेट महागड्या भिंगावर जात नाही हा आणखी एक फायदा.

स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप काय वाईट? वाईट नाही. फोटो काढायला, चिपवरचा नंबर वाचायला उत्तम. पण डब्यावरच्या "१००० पट" या आकड्याला भुलू नका, पडदा मोठा घेतला की कोणताही आकडा मोठा होतो. त्यात खोली कळत नाही, आणि चित्र पडद्यावर किंचित उशिरा येतं. नुसतं पाहायला ते चालतं. हातात तापलेलं आयर्न असताना मात्र तो उशीर नडतो. आणि काहीच घ्यायचं नसेल तर घड्याळजी डोळ्याला लावतात ते १० पटीचं भिंग घ्या. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला तेवढं पुष्कळ.

घेण्याआधी प्रत्यक्ष पाहा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, दिल्लीत लाजपतराय मार्केट. जाताना आपला एक बोर्ड खिशात न्या आणि तोच खाली ठेवून बघा.

डोळे आणि उजेड जुळवणे

आधी दोन्ही आयपीसमधलं अंतर आपल्या डोळ्यांएवढं करा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ झालं पाहिजे. मग सर्वांत मोठ्या झूमवर फोकस करा. झूम कमी करा, आणि आता मुख्य फोकसला हात न लावता आयपीसवरची कडी फिरवून एकेका डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. हे एकदा केलं की झूम बदलला तरी फोकस टिकतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवा, कारण तो दोष आयपीस फिरवून जात नाही. डोकं दुखलं तर ही जुळणी चुकली आहे.

उजेडाचं महत्त्व भिंगाइतकंच. भिंगाभोवतीची एलईडीची कडी सपाट, सावली नसलेला उजेड देते. नंबर वाचायला तो बरा, पण सोल्डर आरशासारखं चमकतं आणि भेग त्या चमकेत लपते. कडीवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावा, चमक मवाळ होते. मग कडी बंद करून साधी टॉर्च जवळजवळ आडवी धरा. मावळतीच्या उन्हात शेतातलं प्रत्येक ढेकूळ उठून दिसतं, तसा प्रत्येक उंचसखल भाग सावली टाकतो. माझी ती काळी बांगडी आडव्या उजेडातच दिसली.

गस्त कशी घालायची

आधी वीज बंद, बॅटरी काढलेली, मोठे कपॅसिटर रिकामे. घरातल्या २३० व्होल्टवर चालणारा बोर्ड चालू असताना मायक्रोस्कोपखाली कधीही घेऊ नका, तिथे तुमचं नाक बोर्डापासून वीतभर असतं.

मग ओळीने चला. डावीकडून उजवीकडे, एक पट्टा संपला की खालचा. सात पटीवर पहिली फेरी, संशय आला तिथे वीस पट. जिथे दोष असेल असं वाटतं तिथेच उडी मारली की बाकीचा बोर्ड न पाहिलेला राहतो. पाहताना या क्रमाने पाहा.

पहिलं, दिशा. आयसीचा पहिला पाय, एलईडीची, डायोडची खूण. निम्मे "बिघडलेले" नवे बोर्ड इथेच सुटतात असा माझा अनुभव.

दुसरं, शेजारच्या पायांमधला सोल्डरचा पूल आणि सुटे गोळे. पूल कधी कधी पायांच्या मागे, आयसीच्या पोटाशी असतो. बोर्ड तिरका करून पाहा.

तिसरं, सोल्डर भिजलंय का. चांगला जोड पायाच्या कडेला आणि तांब्याला पसरत जाऊन पातळ होतो, मातीत पाणी मुरावं तसा. वाईट जोड अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल उभा राहतो. इथे एक जुना समज सोडा. "चमकदार ते चांगलं, मळकट ते कच्चं" हा नियम शिसं असलेल्या सोल्डरचा. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि चमकतं. बिनशिशाचं सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळतं आणि चांगला जोडही थोडा खरबरीत, मळकट दिसतो. म्हणून चमक बघू नका, कड बघा.

चौथं, उचललेला पाय आणि एका टोकावर उभा राहिलेला रेझिस्टर. संशय आला तर लाकडी टूथपिकने पाय हलकेच ढकला. पाय हलला आणि सोल्डर जागेवर राहिलं, तर चोर सापडला.

पाचवं, कनेक्टर, स्विच, ट्रान्सफॉर्मर. जिथे हात लागतो किंवा वजन आहे, तिथे भेगेची बांगडी शोधा. बोर्डाच्या कडेला असलेले सिरॅमिक कपॅसिटरही पाहा. बोर्ड वाकला की ते तडकतात, आणि तडकलेला कपॅसिटर शॉर्ट होऊन तापू शकतो. लिथियम बॅटरीच्या चार्जरवर तर हे नक्की पाहा.

कारखान्यांत यासाठी आयपीसी-ए-६१० नावाचं मानक वापरतात. त्यात मालाचे तीन वर्ग आहेत. पहिला सामान्य वापराचा, दुसरा अखंड सेवा हवी असलेल्यांचा, तिसरा जिथे थांबलंच तर चालणार नाही अशांचा. आपण हौशी लोक स्वतःला आपोआप पहिल्या वर्गात घालतो. मी आईचं बटण खेळणं म्हणून सोल्डर केलं होतं. ते तिसऱ्या वर्गातलं होतं.

मायक्रोस्कोप काय दाखवत नाही

आयसीच्या पोटाखालचे जोड त्यात दिसत नाहीत, त्याला एक्स-रे लागतो. चिपच्या आत जळलेलं दिसत नाही. आणि चांगला दिसणारा जोड वीज नेतोच असं नाही. म्हणून डोळ्यांनंतर मल्टिमीटर, आणि मीटर लावलेला असताना वायर हलवून पाहणं, हे हवंच. मी वायर न हलवता मीटर लावला असता तर तो खुशाल "ठीक आहे" म्हणाला असता.

हात थरथरतो म्हणणाऱ्यांसाठी

अनेक जण लिहितात, "आता वय झालं, हात कापतो, सोडून दिलं." मीही सोडणार होतो. पण हाताची चूक डोळ्याला लगेच आणि मोठी दिसली की हात आपोआप सावरतो. मनगट टेबलाला टेकवा, करंगळी बोर्डाला. श्वास सोडताना टोक लावा. तोंड जवळ असतं, म्हणून धूर ओढून घेणारा छोटा पंखा बाजूला हवाच. शिशाचं सोल्डर असेल तर उठल्यावर साबणाने हात धुवा, मगच चहा.

तो जोड मी पुन्हा केला. त्या पिनेला तांब्याचा मोठा पट्टा जोडलेला होता, तो उष्णता ओढून घेत होता आणि मी आयर्न लवकर उचललं होतं. जुनं सोल्डर काढलं, फ्लक्स लावला, रुंद टोकाने नीट तापू दिलं. मुख्य म्हणजे वायर डबीच्या भिंतीला घट्ट बांधली, म्हणजे ओढ पिनेवर येणारच नाही. नुसता जोड दुरुस्त केला असता तर सहा महिन्यांनी तीच बांगडी परत आली असती.

मग आईला मायक्रोस्कोपशी बसवलं आणि जुन्या जोडाचा फोटो पडद्यावर दाखवला. म्हटलं, "आई, तू बरोबर दाबत होतीस." ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "एवढीशी रेघ होय? मला वाटलं मीच म्हातारी झाले."

सिग्नल्सचं ब्रीद आहे "तीव्र चौकस". हिंदीत चौकस म्हणजे सावध. आपल्या मराठीत चौकस म्हणजे विचारपूस करणारा. बोर्डापाशी दोन्ही लागतं. माणसाची विचारपूस मात्र आरोप करण्याआधी करावी.

पुढच्या भागात जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा बोर्ड उघडू. तोवर तुमचा एखादा "अधूनमधून चालणारा" बोर्ड काढून ठेवा. जय हिंद.