चूल वेगळी झाली, गाव वेगळे नाही

गुढीपाडव्याच्या सुमारास आपल्या नगर जिल्ह्यात पुष्कळ घरांत वाटण्या होतात. धाकट्याचे लग्न होऊन वर्ष-दोन वर्षे झालेली असतात. जुन्या घरात जागा पुरत नाही. मग एक दिवस ओसरीच्या टोकाला किंवा मळ्यात नवी चूल मांडली जाते. दोन एकर जमीन, एक गाय, विहिरीत तिसरा हिस्सा आणि चार भांडी घेऊन एक जोडपे कारभारी-कारभारीण होते. हे चार शब्द त्या जोडप्यासाठी आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ते वाचावेत.

वेगळे राहणे हा काही गुन्हा नाही. परंतु गावोगाव हिंडताना एक गोष्ट वारंवार दिसते. पहिली दोन वर्षे ज्यांनी नीट सांभाळली त्यांचा संसार उभा राहिला, आणि जे घरापासून तुटले व गावापासूनही तुटले ते सावकाराच्या दारी गेले.

आधी कागद, मग पाळी

तोंडी वाटणीवर विसंबू नका. भावाभावांचे पटत आहे तोवरच तहसीलदारांकडे अर्ज करून जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 प्रमाणे वाटप करून घ्या. तलाठ्याकडे फेरफार नोंदला गेला की नवा सात-बारा पाहा. वडिलांच्या नावचा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा जमिनीबरोबर येतो, तो कोणी किती फेडायचा हे त्याच बैठकीत लिहून ठेवा.

खरे तंटे पहिल्या उन्हाळ्यात होतात, आणि ते विहिरीवर होतात. विहिरीतला हिस्सा सात-बाराच्या 'इतर हक्क' सदरात नोंदवा. मोटार कोणाच्या नावावर, वीजबिल कोणी भरायचे, मोटार जळाली तर खर्च कसा वाटायचा आणि पाण्याची पाळी कोणत्या वारी, हे वहीत लिहून तिघांनी सह्या कराव्यात. रात्रीची वीज असेल तर पाळी आठवड्याने फिरवावी, म्हणजे एकाच भावाला कायम जागरण होत नाही.

दुधाचा पगार आणि पिकाचा पैसा

एकत्र घरात मीठ-मिरची कुठून येते हे धाकट्याला ठाऊक नसते. आता ते दोघांनी मिळून पाहायचे आहे. दोन पानांची वही करा. एका पानावर घरखर्च, दुसऱ्यावर शेतीखर्च. डेअरीचा दहा दिवसांचा पगार किराणा, पेंड आणि औषधपाण्याला लावावा. कांद्याचा किंवा सोयाबीनचा पैसा आला की पुढच्या हंगामाचे बियाणे-खत आणि सोसायटीचा हप्ता आधी बाजूला काढावा. पहिल्याच वर्षी मोटारसायकल घेण्याची घाई करू नका.

सावड मोडू नका

दोन एकरांच्या धन्याला सगळीच कामे मजुरीने करवणे परवडत नाही. आपल्या आजोबांना हे कळत होते. एकेक बैल असलेले दोघे वारंगुळा करीत. खुरपणी-सोंगणीला सावड असे, मोठे काम अडले तर इर्जिक घातली जाई. आज बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, पण कांदालागणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत तेव्हा सावडच उपयोगी पडते. शेजारच्या चार जोडप्यांनी लागणीच्या तारखा आठ-आठ दिवसांनी पुढेमागे ठेवल्या, तर एकमेकांचे काम एकमेकांत उरकते. ज्या भावापासून वेगळे झालात त्यालाही या सावडीत घ्या. स्वयंपाकघर वेगळे झाले म्हणून बांध वैरी होत नाही.

सभेला जा

जमीन नावावर झाली की गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सभासद व्हा. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा व्हावी लागते. तिथे अहवाल मागून घ्या आणि वाचा. 1950 साली प्रवरानगरला साखर कारखाना सुरू झाला, त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्याबरोबर भागाचे पैसे घालणारे साधे शेतकरीच होते.

मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. "आपले तिथे कोण ऐकतो?" असे म्हणून तरुण घरी बसतात. त्यांनी नगरजवळचे हिवरे बाजार पाहून यावे. पर्जन्यछायेतले हे गाव 1972 च्या दुष्काळानंतर विस्कटले. माणसे पोटासाठी बाहेर गेली. 1989 साली तिथल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांकडे एक वर्षासाठी गावाचा कारभार मागितला. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन यांवर गाव एक झाले. डोंगरावर चर निघाले, ओढ्यांवर बंधारे झाले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे ठरले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असेल तर कमी पाण्याची पिके घेतात. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

यातला मुद्दा ध्यानात घ्या. तुमच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी राहील की नाही हे तुमच्या दोन एकरांत ठरत नाही. ते शिवारात आणि सभेत ठरते. म्हणून जिथे ते ठरते तिथे तुम्ही बसलेले असले पाहिजे.

कारभारणीसाठी

ताई, एकत्र घरात सासूबाई, जावा होत्या. आता दिवसभर मळ्यात बोलायलाही कोणी नाही. वेगळे राहताना हा एकटेपणा फार जड जातो. गावातल्या बचत गटात जा. दहा ते वीस बायकांचा गट असतो, दरमहा थोडी बचत होते, शेळी किंवा शिलाई यंत्रासाठी कर्ज मिळते, आणि अडीनडीला धावणारे माणूस मिळते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तुम्हीच मांडा. कारभारी, बैठकीच्या दिवशी धार तुम्ही काढा, त्यात कमीपणा नाही.

हरिनाम सप्ताहात एका दिवसाची पंगत चार नव्या घरांनी मिळून घ्यावी. आईवडिलांच्या ताटाची पाळी ठरली असेल तर ती चुकवू नये, आणि ठरली नसेल तर ती आजच ठरवावी. पोळ्याला आणि दिवाळीला सगळ्या भावांनी जुन्याच घरी जेवावे. वाटणी जमिनीची झाली आहे.