पायाखालील खडकांचा प्रवाह

मोडनिंबच्या शिवारात विहीर खणताना माती व मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा तो बनला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात नऊ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. हे दोन्ही ऐकून एखादा विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, आपल्या खाली ज्वालामुखी आहे काय?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असावे.

भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तेथे भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो. शिरताना त्यातील पाणी वरच्या तप्त प्रावरणात मुरते; त्यायोगे तेथील खडक कमी उष्णतेत वितळतो व शिलारस वर येतो. प्रावरण घनच असते, तरी ते अतिमंद वाहते. डांबराचा खडा हातोडीने फुटतो, पण बरेच दिवस ठेवला असता पसरतो, तसेच हे होय.

हा प्रवाह कळतो कसा? मानवाने खणलेले सर्वांत खोल छिद्र सुमारे १२ किलोमीटर आहे. प्रावरण त्याहून पुष्कळ खाली आहे. तेथील वार्ता भूकंपलहरीच आणतात. ओढ्यात टाकलेल्या कडब्याच्या काड्या जशा धारेच्या दिशेस वळतात, तसे वाहत्या प्रावरणातील ऑलिव्हिन खनिजाचे स्फटिक बहुधा प्रवाहास अनुसरून लागतात. बाभळीचे लाकूड उभे सहज फुटते, आडवे फुटत नाही. तद्वत अशा खडकाचे गुण दिशेनुसार भिन्न असतात. यास विषमदिक्त्व म्हणतात. अशा खडकात शिरलेली आडवी कंपने करणारी लहर दुभंगते. एक भाग पुढे पोहोचतो, दुसरा मागे राहतो. त्यांतील अंतर बहुधा सेकंदाच्या आसपास असते. त्यावरून व कंपनाच्या दिशेवरून प्रवाहाचा अंदाज बांधतात. मात्र पाणी व दाब यांमुळे स्फटिकांची मांडणी बदलू शकते. ईशान्य जपानात समुद्री खंदकाजवळ वेगवान लहरीची दिशा खंदकास समांतर, तर ज्वालामुखींच्या मागील बाजूस आडवी आढळते. म्हणून निष्कर्ष जपून काढावा लागतो.

सोलापूर जिल्ह्याखाली असा कोणताही भूपट्ट शिरत नाही. म्हणून येथे ज्वालामुखीचे भय नाही. किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या अंतर्भागात साठलेला ताण मोकळा झाल्याने झाला. तेथे बहुतेक बळी दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून गेले. ज्वालामुखी नाही याचा अर्थ भूकंप होणारच नाही असा नव्हे. या दोन्ही गोष्टी शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एकत्रच सांगाव्यात.